अर्ध्या गळ्याचं गाणं

मी पियानो वाजवतो. म्हणजे गाणारा पुढे उभा असतो आणि मी बाजूला बसून त्याला सांभाळून घेतो. पुण्यात हे काम करता करता माझे केस पांढरे झाले. धाराशिव जिल्ह्यात या कामाला नावच नाही, त्यामुळे तिथे तीन दिवस मी नुसता 'मास्तर' होतो. शाळेतला असेन असं समजून एका आजोबांनी नातीची गणिताची वही माझ्यापुढे धरली. मीही मुकाट्याने दोन भागाकार तपासून दिले.

गेलो होतो शिवलीलासाठी. आम्ही तिला लीला म्हणतो. जळकोटपासून थोडं आत एक गाव आहे, तिथल्या लिंगायत घरातली ही मुलगी फार्मसी शिकायला पुण्यात आली. एकदा मैत्रिणीबरोबर सहज म्हणून मी वाजवत असे त्या गायनवृंदात येऊन उभी राहिली. तिने तोंड उघडलं आणि माझे हात पट्ट्यांवर थांबले. बाईचाच आवाज, पण खालच्या पट्टीतला, खोल विहिरीतून वर आल्यासारखा. "कुठे शिकलीस?" मी विचारलं. "कुठं न्हाय. अप्पांसंगं भजनात म्हणते," ती म्हणाली. अप्पा म्हणजे तिचे वडील. पाच वर्षांनी ती जर्मनीत ऑपेरा शिकत होती.

ज्यांनी ऑपेरा पाहिला नाही त्यांनी आपलं संगीत नाटक डोळ्यांपुढे आणावं. फरक एवढाच की तिकडे साधं 'दार उघड' हेही गाऊनच म्हणायचं, आणि समोर पन्नास-साठ वाजवणारे बसलेले असताना माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं. सुरुवातीची काही वर्षं लीला समूहात गायली. मग दासी झाली, दाई झाली, चेटकीण झाली. खालच्या आवाजाच्या बाईला तिकडे नायिका क्वचितच करायला मिळते. "आतापर्यंत चार वेळा दुसऱ्यांच्या मुलींना विष दिलंय मी," असं ती हसून सांगायची. पुढे मोठ्या भूमिका आल्या. लिंगायत अंगावर कायम बाळगतात ते गळ्यातलं इष्टलिंग तिने कधी काढलं नाही. तिथल्या कपडे सांभाळणाऱ्या बाईंनी तिच्या प्रत्येक पोशाखाला आतून एक लहानसा खिसा शिवून दिला होता.

आठ महिन्यांपूर्वी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. थायरॉइडची गाठ निघाली, जीव वाचला, पण आवाजाची नस दुखावली ती दुखावलीच. आता ती त्याच नाट्यगृहात स्वरलिप्यांची पुस्तकं लावायचं काम करते. बोलते ते फाटक्या भात्यातून हवा जावी तसं. घरी तिने यातलं काही सांगितलेलं नाही. फोन करायचा बंद केला आणि वहिनीच्या मोबाइलवर मजकूर पाठवू लागली.

मला तिने लिहिलं होतं: "अप्पांचं गाणं माझ्याकडे कुठेच नाही. माझा आवाज जिथून आला तो आवाज तरी मला ऐकू दे. तू जा आणि फोनमध्ये घेऊन ये. माझं काय झालं ते सांगायचं की नाही, तुझं तू ठरव."

मी अप्पांना फोन करून कळवलं की लीलाचं गाणं घेऊन येतोय. तिच्या मुंबईच्या प्रयोगाचं ध्वनिमुद्रण माझ्याकडे होतं, ते त्यांना ऐकवावं आणि बदल्यात त्यांचं घ्यावं, असा साधा विचार. या एका वाक्याने तिकडे काय सुरू झालं असेल याची मला कल्पना नव्हती.

जळकोट, शनिवार

सोलापूरहून एसटीने निघालो. नळदुर्गचा किल्ला खिडकीतून येऊन गेला. मग दोन्ही बाजूंना काळी माती आणि काढणीला आलेल्या तुरी. जळकोटला महामार्गाच्या कडेला उतरलो तर अप्पा स्वतः घ्यायला आले होते. ऐंशीच्या पुढचा माणूस, पण पाठ ताठ. धोतर, टोपी, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग.

"ऊटा आयता?" त्यांनी विचारलं आणि माझा चेहरा पाहून लगेच मराठीत आले. "जेवण झालं का म्हणलं. आमच्यात निम्मं कानडी चालतं, मास्तर. कर्नाटक हितं उंबऱ्यालाच हाय."

त्यांचा बोलण्याचा आवाज ऐकून मी चमकलो. तीच विहीर.

टमटममधून गावात पोचलो. आमच्या पुण्यात पाहुण्याला 'जेवूनच आला असाल' असं म्हणायची पद्धत आहे. इथे हातपाय धुवून वळलो तर ताट वाढून तयार. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, अंबाडीची भाजी. अप्पांच्या सूनबाई, महादेवी, भाकरी संपायच्या आत दुसरी टाकत होत्या. त्यांचे यजमान सोलापुरात नोकरीला, पंधरवड्याने येतात. घरात हे दोघंच.

"अप्पा, तुमचं एक भजन मला फोनमध्ये घ्यायचंय," मी म्हणालो.

अप्पा हसले. "सोमवारी," एवढंच म्हणाले आणि जनावरांना पाणी दाखवायला गेले.

ते गेल्यावर महादेवी चुलीपासून जरा पुढे सरकल्या. "भाऊ, तुमी आलाव ते लई बरं झालं. अकरा वर्सं झाली, मामंजी गाईले न्हाईत."

"गायले नाहीत? आजारी होते?"

"आजार कशाचा. नवस हाय. मुंबईला वन्संचं गाणं ऐकाया गेलते ना, तिथून आले ते रडतच आले. लीलाचा आवाज गेलाय म्हणले. सोमवारी देवळात जाऊन महादेवाला सांगितलं, तिचा आवाज येईस्तवर माजाबी तुज्यापाशी ठेव. तवापासून भजनात नुसते टाळ वाजवत्यात. तोंड उघडत न्हाईत."

माझ्या हातातला घास हातातच राहिला.

"तुमचा फोन आला, लीलाचं गाणं घेऊन येऊलालो म्हणलाव. त्या दिशी मामंजी दोन भाकरी जास्त जेवले. आता सोमवारी उद्यापन हाय. समद्या गावाला हुग्गी घालायची हाय." हुग्गी म्हणजे गव्हाची गुळातली खीर. लिंगायतांकडे मोठ्या कार्याला ती लागतेच.

आता मुंबईत काय झालं होतं ते सांगायला हवं. ते मला पक्कं ठाऊक आहे, कारण तिथल्या तालमींना पियानो वाजवायला लीलाने मलाच बोलावलं होतं.

लीलाची मंडळी प्रयोगासाठी मुंबईला आली होती. आपल्या देशात तिची ती पहिली मोठी भूमिका. प्रयोग सोमवारी होता, आणि सोमवारचं देवळातलं भजन अप्पांनी उभ्या जन्मात चुकवलेलं नव्हतं. म्हणून ते आदल्या दिवशीच आले. दुपारची तालीम ऐकायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत. मी त्यांना शेवटच्या रांगेत नेऊन बसवलं. लीलाला किंचित सर्दी होती, म्हणून मीच तिला बजावलं, "आज अर्ध्या गळ्याने गा."

ही ऑपेरावाल्यांची नेहमीची रीत आहे. तालमीत पूर्ण आवाज लावायचा नाही. शब्द पुटपुटायचे, चाल नुसती रेखायची, वरचे सूर खाली घ्यायचे किंवा हाताने, मानेने दाखवून सोडून द्यायचे. गळा उद्यासाठी राखून ठेवायचा. सभागृहात हे सगळ्यांना माहीत होतं, एका माणसाला सोडून. कारण तो माणूस भजनातला. भजनाला तालीम नसते. जे काय म्हणायचं ते देवापुढे आणि छाती भरून. त्यांना काय दिसलं असेल? एवढ्या उजेडात, भरजरी पोशाखात आपली मुलगी उभी आहे आणि तोंडातून आवाज फुटत नाही. वर जायची जागा आली की नुसती हनुवटी उचलते. आणि बाकीचे, बहुधा तिची कीव येऊन, काही घडलंच नाही असं दाखवताहेत.

अर्ध्यातच ते उठले. तालमीच्या वेळी बाहेर जायचं एकच दार उघडं होतं, माझ्या पियानोशेजारचं. त्यांनी माझ्याकडे पाहून हात जोडले. डोळे भरलेले होते. मी मान हलवली आणि पुढच्या मात्रा मोजत राहिलो. मला वाटलं, गाडीची वेळ झाली असेल.

लीलाने रंगमंचावरून वडलांना उठून जाताना पाहिलं. तिला वाटलं, उघडे दंड आणि परक्या पुरुषाच्या हातातला हात त्यांना सोसला नाही. तिने विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. त्यानंतर दर रविवारी बाप-लेकीचा फोन व्हायचा तो 'ऊटा आयता' पासून पाऊस आणि हरभऱ्यापर्यंत. गाण्याचा विषय दोघांनीही परत काढला नाही.

आणि आता लीलासाठी अप्पांचा आवाज मिळवायचा तर मला काहीच करायचं नव्हतं. फक्त सोमवारपर्यंत गप्प बसायचं होतं. ते मला चांगलं जमतं.

लोहारा, रविवार

सकाळी अप्पांनी फडताळावरून जुन्या धोतरात बांधलेली पेटी काढली. अकरा वर्षांनी गाठ सुटली. उंदरांनी भात्याचं कातडं जिथे तिथे कुरतडलेलं होतं. "लोहाऱ्याला एक चाचा हायेत, ते करून देत्यात," अप्पा म्हणाले. आम्ही वडापच्या जीपने निघालो. जीपमध्ये माणसं किती होती ते मी मोजलं नाही. पेटी माझ्या मांडीवर आणि माझ्या गुडघ्यावर कुणाची तरी पिशवी. एका खड्ड्यात जीप अशी आपटली की पेटीचं झाकण उघडलं आणि आतलं उंदराचं अख्खं घरटं, काड्या-चिंध्यांसकट, समोरच्या बाईंच्या पदरात पडलं. त्या किंचाळल्या आणि मग जीपभर हशा पिकला. "मास्तर, बाजा आणलाव का बाळंतीण?" कुणीतरी विचारलं. अप्पाही हसले. मीही हसलो.

चाचांचं दुकान मिक्सर आणि पंख्यांचं. पेट्या ते हौसेने करतात. भाता उघडून त्यांनी मान हलवली. "अप्पाजी, कित्ते सालका उपास करायलगाये तुम इसको?"

"अकरा वर्सं," अप्पा म्हणाले. "उद्या सोडायचा हाय."

चाचांनी कातड्याच्या पट्ट्या कापल्या, सरस लावला आणि वाळायला दोन तास सांगितले. वाजवून पाहिली तेव्हा मधली एक पट्टी मुकीच राहिली. "ये एक नै बोलती," चाचा म्हणाले. "बाकी सब बोलेंगे."

सरस वाळेपर्यंत आम्ही तहसीलसमोरच्या टपरीवर चहा घेत बसलो. तिथे अप्पांनी विचारलं, "लीलाचं गाणं आणलंय म्हणलाव ना?"

मी फोन काढून त्यांच्या कानाशी धरला. मुंबईचा प्रयोग, त्यांनी ऐकलेल्या तालमीच्या दुसऱ्या दिवशीचा. लीलाने त्या रात्री आवाज असा लावला होता की वाजवणाऱ्यांनीही माना वर करून तिच्याकडे पाहिलं होतं. अप्पांनी दोन्ही हातांनी माझं मनगट पकडलं. समोरून ट्रॅक्टर गेला, टपरीवाला कपबशा आदळत होता, कुणीतरी दाखल्यासाठी कुणाच्या तरी नावाने ओरडत होतं. अप्पांना काही ऐकू येत नसावं. चहावर साय धरली.

गाणं संपलं तरी त्यांनी मनगट सोडलं नाही. "आला," ते म्हणाले. "भरून आला. माजा महादेव पावला, मास्तर."

हे कधीचं आहे, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, देव जाणे. मी टपरीवाल्याला आणखी दोन चहा सांगितले. माझ्यासारख्या माणसाची लाज अशी असते, ती चहा सांगते.

परतीच्या वाटेवर उन्हं कलली होती. कापलेल्या रानांत ढेकळं आणि बुडखे, त्यांवर कावळे. अप्पा मधूनच घसा खाकरून पाहत होते. उद्याची तयारी. ते खाकरणं ऐकून मला चोर पकडला जावा तसं होत होतं. मी काही चोरलं नव्हतं. मी फक्त बोललो नव्हतो, आणि ते मी अकरा वर्षांपूर्वीही केलं होतं.

सोमवार

सकाळपासून देवळाच्या आवारात गावातल्या बायका हुग्गीच्या तयारीला लागल्या होत्या. गूळ, वेलदोडे आणि तुपाचा वास गावभर पसरला होता. महादेवींनी मला नवीन उपरणं दिलं. "मामंजींनी तुमच्यासाठी आणायला लावलं."

माझ्यासाठी कशाला, ते दिवेलागणीला कळलं. भजनाची मंडळी बसली, पेटी मांडली, टाळ निघाले. अप्पा नव्या धोतरात समोर. त्यांनी मला हाताला धरून गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी आणलं.

"आमच्यात रीत हाय," ते म्हणाले. "ज्यानं नवस केला त्यानं फिटला म्हणू नये. ज्यानं बघितलं, ऐकलं, त्यानं देवाला सांगायचं. लीलाचा आवाज तुमी ऐकलाव. तुमी सांगा, मास्तर. मग म्या म्हणतो."

सगळे माझ्याकडे पाहत होते. फोन माझ्या खिशात होता. त्यात ध्वनिमुद्रणाची खूण दाबून मी तयारच आलो होतो. दोन शब्द बोललो असतो तर लीलाला हवं ते तिला मिळालं असतं. मी देवधर्म करणारा माणूस नाही. तरीही मला ते दोन शब्द म्हणता येईनात. देवाची भीती नव्हती. माझं मनगट अजून दुखत होतं.

"अप्पा, जरा बाहेर येता?"

आम्ही देवळामागच्या कट्ट्यावर बसलो. मी सगळं सांगितलं. अर्धा गळा म्हणजे काय. तो मीच तिला लावायला सांगितला होता हे. काल ऐकवलेलं गाणं ते उठून गेले त्याच्या दुसऱ्याच दिवसाचं होतं हे. मध्ये एकदाही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"म्हंजी त्या दिशी तिचा आवाज हुता?" त्यांनी विचारलं.

"होता, अप्पा. पूर्ण होता."

"मला तिची लाज बघवंना म्हून म्या उठून आलतो."

"तिला वाटलं, तुम्हाला तिचीच लाज वाटली."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "तुमी दाराशी हुताव. म्या तुमाला हात जोडले. एक शब्द बोलला असताव तर?"

"चुकलं," मी म्हणालो. एवढ्या वर्षांच्या मानाने हा शब्द फार लहान होता, आणि तो बोलताना मला रडू आलं. पन्नाशी उलटलेला माणूस हुग्गीचा वास येत असताना कट्ट्यावर बसून रडतो, हे दृश्य काही चांगलं नव्हे. अप्पांनी मला रडू दिलं.

"आन् आता?" त्यांनी विचारलं. "आठ म्हैनं झालं फोनवर बोलत न्हाय. म्या म्हणलं, गळा जपूलाली असंल. आता कसा हाय आवाज?"

तेही सांगितलं. गाठ, ऑपरेशन, नस, पुस्तकं लावायची नोकरी. "डॉक्टर म्हणतात, परत यायचा नाही."

अप्पांनी गळ्यातली डबी मुठीत धरली. थोड्या वेळाने गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि आत गेले. मी मागोमाग गेलो. त्यांनी मंडळींना सांगितलं, "नवस फिटल्याला न्हाय. तुमी म्हणा. म्या टाळ धरतो." दुसऱ्या एका म्हाताऱ्यांनी भजन उचललं आणि अप्पा टाळ वाजवत राहिले. अकरा वर्षं जो नवस चुकून चालला होता, तो त्या संध्याकाळी खरा झाला. ऐंशी उलटलेल्या माणसाने आता आवाज परत मागायचा तो कधी मिळायचा? मी खरं बोललो आणि एका गावाचा गाणारा कायमचा गप्प केला, असंच मला वाटत होतं. आजही अधूनमधून वाटतं.

भजन संपलं, पंगत बसली. मला हुग्गी गिळवेना. मी देवळात एकटाच पेटीपाशी बसलो होतो. अप्पा येऊन समोर बसले.

"लीलाला माजं गाणं पायजे हुतं, न्हवं?"

"हो."

"मला सांगा, ते अर्ध्या गळ्याचं कसं असतंय. ते गाणंच का?"

"नाही, अप्पा. ती नुसती तयारी. त्याला गायलं असं कुणी म्हणत नाही."

"म्हंजी ते म्हणलं तर नवसाला बाधत न्हाय?"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते थट्टा करत नव्हते. हिशेबाला पक्का माणूस होता, देवाशीसुद्धा मापात राहू पाहत होता.

"मला वाटतं, नाही बाधत," मी म्हणालो.

"मग धरा तुमचा फोन."

त्यांनी पेटीवर सूर धरला. मुकी पट्टी आली तिथे बोट हवेतच राहिलं. मग ते म्हणू लागले. ओठांतल्या ओठांत, जमिनीलगत, निम्मी मराठी आणि निम्मी कानडी अशी महादेवाची आळवणी. आवाज लावतच नव्हते. चाल मात्र पूर्ण होती, कुठे थांबायचं, कुठे झोका घ्यायचा, सगळं जागच्या जागी. वरची जागा आली. मला वाटलं, न राहवून लावतील. अप्पांनी डोळे मिटले आणि नुसती हनुवटी उचलली.

लीला अशीच उचलायची. मला वाटायचं, जर्मनीत शिकली.

सगळं मिळून चार मिनिटं झाली. मागे भांडी वाजत होती आणि कुणीतरी आणखी तूप वाढा म्हणून हाक मारत होतं. संपल्यावर अप्पांनी पेटीचा भाता बंद केला, ती धोतरात परत बांधली आणि गाठ मारली.

"तिला नवसाचं काय सांगू नगासा," ते म्हणाले. "तिच्या जिवाला लागंल."

मी मान हलवली. मान हलवायची माझी सवय जुनीच आहे.

परत

मंगळवारी जळकोटच्या थांब्यावर फोनला रेंज आली तेव्हा ते भजन लीलाला पाठवलं. बरोबर एवढंच लिहिलं की तुझ्या ऑपरेशनचं सांगितलंय. सोलापूर स्टेशनवर तिचा मजकूर आला.

"तीनदा ऐकलं. अप्पा अर्ध्या गळ्याने म्हणतायत. वरच्या जागेला हनुवटी उचलली ना त्यांनी? त्यांना हे कुणी शिकवलं? आणि ते आवाज कुणासाठी राखतायत?"

तिला फसवता येणं शक्यच नव्हतं. जगात हे ओळखू शकेल अशी ती एकटीच होती. गाडी यायला वेळ होता. मी 'म्हातारपण' असं लिहिलं आणि खोडलं. 'थकलेत' असं लिहिलं, तेही खोडलं. अप्पांना मी मान हलवून शब्द दिला होता. पण मागे एकदा दाराशी मान हलवून मी एक वाक्य गिळलं होतं, त्याची किंमत मी नुकतीच पाहून आलो होतो. मी फलाटावरच्या बाकावर बसून अंगठ्याने सगळं लिहिलं, तालीम, नवस, टाळ, हुग्गी, सगळं. पाठवलं. तिने वाचल्याची खूण आली. उत्तर आलं नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही.

रविवारी दुपारी महादेवींचा फोन आला. हळू आवाजात बोलत होत्या.

"भाऊ, वन्संचा फोन आलाय. बोलायचा फोन. मामंजींनी घेतलाय."

"काय बोलतायत?"

"वन्सं 'ऊटा आयता' म्हणल्या. आवाज लई फाटलाय ओ, मला तर वळखूच आला न्हाय. मामंजी 'आयतु' म्हणले, झालं म्हून."

"मग?"

"मग काय न्हाय. तिकडून काय न्हाय, हिकडून काय न्हाय. मला वाटलं, फोन कटला. म्या शेजारच्यांच्या फोनवरनं तुमाला लावलाय." त्या थांबल्या, बहुधा दारातून आत पाहत असाव्यात. "न्हाय कटला, भाऊ. मामंजी कानाला लावूनच बसलेत. हनुवटी वर करून."